ठकूची जागा

शनिवार, ५ जुलै

आले एकदाची! सासवडहून पौडपर्यंत एसटी, पुढे जीप, आणि जीपमधून उतरल्या उतरल्या चप्पल चिखलात रुतली ती गेलीच. अम्मीला फोनवर गाव झकास आहे एवढंच सांगितलं, चपलेचं नाही. मुलींचं जे मंडळ मला चालवायचंय, त्याची खोली धरणाच्या कडेला आहे. पुढे फरशीचं अंगण, दाराशी दगडी पायरी. शनिवार-रविवारी दुपारी मुली येणार. पावसाळाभराचा बेत मी भिंतीवर चिकटवला: कागदी पिशव्या, लाठी, आरोग्याच्या गप्पा, आणि नागपंचमीला पौडच्या मेळाव्यात फेर. मुली लगेच नाजनीनताई म्हणायला लागल्या. थोरली नम्रता सगळ्यांची पुढारी; खरं तर ताई तीच शोभते. सगळ्यात लहान साधना. तिचे आईवडील माणहून नुकतेच इथल्या रिसॉर्टवर कामाला आलेत. पोरी जाम आवडल्या मला.

रविवार, ६ जुलै

फेराचा सराव. दृष्ट लागावी अशा नाचतात. पण फेरात एका मुलीएवढी जागा मोकळी, आणि साधना बिचारी पायरीवर बसून बघतेय! असल्या गोष्टींनी माझं डोकं फिरतं. नम्रता म्हणाली, ती ठकूची जागा हाय, हितं समद्या बाया ठेवत्यात, आज्जीच्या आदीपासनं. पूर्वी ठकू नावाच्या पोरीला म्हणे फेरात घेत नसत. एकदा ती घुसली, तर पोरींनी तिच्याशी फुगडी धरली, गरगर फिरवलं आणि हात सोडून दिले. डोकं दगडावर आपटून मेली.

मेलेल्या मुलीला जागा आणि जिवंत मुलगी बाहेर, हा कुठला न्याय? साधनाला मी त्याच जागेत उभं केलं. तिचा एक हात नम्रताकडे दिला, दुसरा मी धरला. फेर पुरा झाला. साधना अशी हसली की मलाच भरून आलं. बाकीच्या मात्र हात सुटताच चपला घालून निघाल्या. येईल सवय.

शनिवार, १२ जुलै

मंडळातल्या ज्ञानदाचं मनगट मोडलं. साधी फुगडी चालली होती. हाड कातडीबाहेर आलं तरी समोरच्या मुलीने हात सोडले नाहीत. मला तिचं एकेक बोट उचकटावं लागलं. ज्ञानदाला पौडला दवाखान्यात नेलं. ती दुसरी वाटभर रडत एकच सांगत होती, त्ये हात माजं न्हवतं.

रविवार, १३ जुलै

फेर बंद. पिशव्या करायला बसवलं. बसल्या जागेवरून नम्रता उठली आणि साधनाला वेणीला धरून तिचं डोकं भिंतीवर आपटलं. पुन्हा आपटलं. मी मध्ये पडले तर माझ्या दंडाला चावली, मांस निघेपर्यंत. मग भानावर आली, तोंडातलं रक्त बघून भडाभडा ओकली. मला भीती वाटतेय. स्वतःची नाही, साधनाची.

शनिवार, १९ जुलै

मंडळाला सुट्टी दिली होती. तरी सगळ्या आल्या. साधनाला तिच्या आईने कोंडून ठेवलं होतं. ती कौलं सरकवून आली. पाय आपोआप चालत्यात, म्हणते.

ती जागा पुन्हा मोकळी सोडून फेर धरायला लावला. जागेकडे बघून मोठ्याने माफी मागितली. लाज नाही वाटली. मोकळी जागा बुजवत फेर आपोआप मिटला. हात ताणत गेले — एकीचा खांदा निखळला, तो आवाज — तरी मिटलाच.

मोकळी सोडलेली जागा ठकूला नकोय आता. फेरातली एक जायला हवी. तिच्यासारखीच.

रविवार, २० जुलै

दुपार. साधनाला घेऊन पळत होते, मुलींनी अंगणातच अडवलं. दोघी खोलीत आहोत. कडी लावली.

मुली दार ठोठावतायत. डोक्यांनी. दाराखालून रक्त येतंय.

पोलिसांना फोन केला. निघालेत म्हणे —

मुलींच्या आया अंगणात उभ्या आहेत, डोक्यावर पावसाची इरली. एकही पुढे येत नाही. खिडकीतून बोंबलले. नम्रताची आई एवढंच म्हणाली, फेरातली कुणीतरी एक द्या वं ताई, पोरी मरतील आमच्या.

नाही देणार. मी उभी केली हिला तिथे. मीच सोडवणार.

बिजागरी निघाली —

सगळं थांबलं. एकदम.

साधना कोपऱ्यातून उठली. मी हात पुढे केला. फुगडी खेळू म्हणते. माझ्या पायांच्या अंगठ्यांना अंगठे लावून उभी राहिली. म्हणते, त्या दिशी फेरात तुमीबी व्हता ताई. मला घरी जायाचंय.

डावा हात तिच्याकडे आहे. सुटत नाही. एवढीशी पोर — रडतेय — पण सोडत नाही —

दुसराबी द्या, म्हणते. पेन ठेव