साहेबांच्या आधी पोहोचण्याचा प्रयोग

तीर्थरूप काकांस,

शिरसाष्टांग नमस्कार. (माझ्या खोलीत आडवं व्हायचं तर फक्त कर्णावर होता येतं आणि तिथे सध्या बादली आहे, तेव्हा हा नमस्कार उभ्यानेच स्वीकारावा. मी स्वतःच्या पायावर उभं राहावं, हा आग्रह तुमचाच.) गुडघा कसा आहे? काकूंना सांगा, मी जेवते.

पुढच्या महिन्यापासून भाडं वाढतंय आणि ते माझ्या पगारात बसत नाही, असं मी कळवलं होतं. त्यावर तुम्ही लिहिलंत की आजकालच्या मुलांना उठायला नको. तुम्ही साहेबांच्या अर्धा तास आधी यायचात, ते गेल्यावर निघायचात, आणि पगार न मागता वाढला. पहिल्या वर्षात दोन खोल्या, सायकल आणि लग्न. (हा क्रम काकूंना दाखवू नये.)

ज्या प्रयोगशाळेत तुम्ही वजनकाटे तपासलेत तिथेच मी तपासते, तेव्हा पद्धत लागू पडायला हवी होती. सोमवारी साडेसातला गेले. साहेब हजर. मंगळवारी सातला, साहेब हजर, वर माझ्याकडे संशयाने पाहिलं. साडेसहा, सहा, तोच निकाल. दोष माझ्या घड्याळात नको म्हणून तेही तपासून घेतलं. शुक्रवारी सव्वापाचला पोहोचले. पहारेकरी दार उघडण्याआधी मोठ्याने खोकला; तो इशारा होता, हे मला आत गेल्यावर कळलं. साहेब वीस किलोच्या प्रमाण वजनाला आरसा टेकवून दाढी करत होते. कपाटामागे वळकटी.

"तू इतक्या लवकर?"

"काकांनी सांगितलंय. साहेबांच्या आधी यायचं."

त्यांनी अर्धा गाल तसाच ठेवला. "मलाही त्यांनीच सांगितलं होतं. त्यांच्याच हाताखाली शिकलो ना. सगळ्यांच्या आधी ये, सगळ्यांच्या नंतर जा. भाडं झेपेना तेव्हा लक्षात आलं, मध्ये घरी जायची गरजच नाही."

पगार वाढला का, असं विचारलं. वाढला म्हणाले, पण दर वेळी भाडं त्याच्याही आधी येऊन बसलेलं असायचं. माझ्या वाढीचं ते वर लिहून पाठवणार आहेत. स्वतःचंही पाठवलंय, चार वर्षांपूर्वी.

तेव्हा काका, पद्धतीत दोष नाही. तुमच्या वेळी साहेबांना घर होतं, एवढी अट लिहायची राहून गेली.

तुमची पुतणी

ता. क. तुमच्या वरच्या खोलीत पहिल्या पगाराचं कपाट, ती सायकल आणि एक बंद पंखा राहतात. तिघांपैकी कोणीही भाडं देत नाही. मी देईन, झेपेल तेवढं. माझी सोय होईल का, ते एक तारखेच्या आत कळवावं. मागच्या खेपेला मी खोली मोजली होती. सरळ झोपता येतं.

आणखी एक ता. क. साहेब विचारतात, तुमच्या जिन्याखाली काय असतं. त्यांचीही सोय झाली तर बरं. सकाळी घरातून मी अर्धा तास आधी निघेन, आणि तुमची पद्धत एकदाची नीट तपासता येईल.