‘सहीसोयरा’ हा शब्द शेऱ्याच्या रकान्यात मंजूर करण्याबाबत

प्रति,
मा. विभागीय अधिकारी (शिस्त व अभिलेख),
रुग्णालय प्रशासन कार्यालय.

विषय : अभ्यागत नोंदवहीत ‘सहीसोयरा’ हा नवीन शब्द लिहिण्यास मंजुरी मिळणेबाबत.
संदर्भ : नोंदवही विद्रूप केल्याबद्दलचे आपले ज्ञापन, अर्जदारास काल पोस्टाने प्राप्त.

महोदय,

अर्जदार नम्रपणे कळवितो की, तो गेली एकोणीस वर्षे रुग्णालयाच्या फाटकावर अभ्यागत नोंदवही सांभाळीत आहे. इतक्या वर्षांत तिच्यावर शाईचा थेंब सांडलेला नाही. तिला विद्रूप म्हणणारे आपण पहिलेच.

१. वहीत नाव, नाते, खाट क्रमांक, वेळ, सही व शेरा असे सहा रकाने आहेत. भेटीची वेळ चार ते सहा. काही मंडळी टेबलाशी येतात, झोकात सही ठोकतात, “कशी आहे हो तब्येत?” असे अर्जदारासच विचारतात आणि उत्तर येण्याआधी घड्याळ बघत आल्या पावली परततात. जिना चढत नाहीत. पुढे घरात विषय निघालाच तर “मी जाऊन आलो, वहीत बघा” असे सांगायला मोकळी.

२. अशा माणसांस काय म्हणावे? वरिष्ठ परिचारिकेने ‘तोंडदेखले’ सुचविले. परंतु तोंडदेखला मनुष्य निदान तोंड तरी दाखवितो. ‘ढोंगी’ म्हणावे तर ढोंगालाही थोडी मेहनत लागते. यांना बावीस पायऱ्या जड होतात. सबब, ज्यांचे सोयरेपण सहीपुरते ते ‘सहीसोयरे’, असा शब्द अर्जदाराने स्वतः तयार केला.

३. हा उद्योग हौसेखातर केलेला नाही. खाट क्रमांक चौदावरील मावशींनी जन्मभर शाळांचे गणवेश शिवले. “आज कोण आलं होतं रे?” असे त्या रोज विचारीत, म्हणून अर्जदार सहानंतर वही वर नेऊन वाचून दाखवीत असे. भाच्याचे नाव तीनदा निघाले. “मग मला कसा नाही दिसला?” यावर अर्जदाराच्या तोंडून निघून गेले, “तुमचा डोळा लागला होता, मावशी.” हे खोटे होते. ती चूक अर्जदाराची, आणि ती त्याला खाते आहे.

४. कारण तेव्हापासून मावशी दुपारची वेदनाशामक गोळी गिळत नाहीत. गुपचूप उशीखाली सारतात. गोळीने झोप येते, आणि झोपेत भाचा येऊन परत जाईल, ही धास्ती. चार ते सहा त्या चादर मुठीत धरून दाराकडे बघत बसतात. परिचारिका रागावल्या, डॉक्टरांनी समजावले. “तो भेटून गेला की घेते,” एवढेच उत्तर. पुन्हा वही वाचताना कुणी खोटे बोलू नये म्हणून अर्जदाराने भाच्याच्या त्या तीन नोंदींपुढे ‘सहीसोयरा’ असा शेरा लिहिला. मावशींना खरे सांगण्याचे धाडस मात्र अद्याप झालेले नाही.

५. ज्ञापनात ‘एका प्रतिष्ठित अभ्यागताची तक्रार’ असे म्हटले आहे. अभ्यागताचे नाव नाही. ज्ञापनाखालची सही मात्र अर्जदाराने पाहताक्षणी ओळखली. शेवटच्या अक्षराची शेपटी वर नेऊन तिच्यावर दोन टिंबे. वहीत ती तीन ठिकाणी आहे. खाट क्रमांक चौदा, नाते ‘भाचा’.

तरी विनंती की, मंजुरीचे राहू द्यावे. शब्द फेटाळावा, शेरे खोडावेत, अर्जदारावर हवी ती कारवाई करावी. त्याची तक्रार नाही. फक्त उद्या चार वाजता यावे. जिना डावीकडे आहे, खाट खिडकीशी. मावशी जाग्या असतील.

वहीत सही केली नाही तरी चालेल.

आपला नम्र, व चार ते सहा जागेवर हजर,
नोंदणी कारकून, फाटक

दिनांक : ९ ऑगस्ट

सोबत :
१) नोंदवहीच्या तीन पानांच्या प्रती.
२) उशीखाली सापडलेल्या गोळ्या, नग अकरा.