ढकलाढकलीतून जुळलेली जोडी

प्रिय आई,
तुला वाकून नमस्कार. आत्यालाही सांग, तुमच्यात अजून अबोला असेल तर दादाकरवी सांग.

माझी काळी वडी अखेर जमली! तांब्याच्या आणि इतर काही धातूंच्या ऑक्साइडची भुकटी दाबून, भट्टीत भाजून केलेली. मागची मी घाईने बाहेर काढली आणि वाया घालवली. ही भट्टीतच निवू दिली. मग गारठवल्यावर तिच्यातून वीज विनाअडथळा धावली.

गंमत म्हणजे इलेक्ट्रॉन एकमेकांना दूर ढकलतात. आमच्या मते इथे त्या ढकलाढकलीतूनच त्यांच्या जोड्या जुळतात, आणि जोडीने निघाले की त्यांना कुणी अडवत नाही.

गुडघा कसा आहे? जिना उतरताना आत्या न बोलता तुझा हात धरते, असं दादा म्हणाला. भांडण मिटलं नाही तरी चालेल, तो हात सोडू नकोस.

तुझंच शेंडेफळ