टर्मिनलवरचे कांदेपोहे

५ ऑक्टोबर १९८६, रविवार. पिस्कॅटवे

आज मला मुलगा दाखवला. काकू वेस्ट विंडसरहून ड्राइव्ह करून माझ्या लॅबमध्ये आली आणि अंगातला कोट न काढता शेजारी बसली. मुलगा दूर कॅलिफोर्नियात, सांता क्लाराला. श्रीरंग नाव.

फोनवर मुलाऐवजी त्याचे मामाच बोलतात. म्हणून मुलानंच सुचवलं — दोघांकडे कॉम्प्युटरचं नेट आहे, टर्मिनलवर बोलू. स्क्रीनच्या मधोमध एक रेघ. वर मी टाइप करते, खाली तो. मराठीच, पण इंग्रजी अक्षरांत.

भिंतीवर पाटी आहे: नेटवर्क फक्त संशोधनासाठी. काकूला वाचून दाखवली. म्हणाली, "मग आपण दुसरं काय करतोय?"

तिकडे मामा शेजारी बसून सांगणार, तो टाइप करणार. इकडे काकू सांगणार, मी टाइप करणार. खरं तर लग्न या दोघांचंच लावायला हवं. गोत्र विचारलं, उंची विचारली. स्वयंपाक येतो का? काकू म्हणाली, "येतो, लिही." माझ्या हातचा भात तिनं खाल्लाय, तरी.

१२ ऑक्टोबर

यात एक गंमत आहे, ती काकूला सांगितलेली नाही. तो टाइप करतो तसतसं एकेक अक्षर माझ्याकडे उमटतं. पुसतो तेही दिसतं. फोनवर माणूस शब्द गिळतो ते कळत नाही. इथं कळतं.

आज खाली आलं, "मामांना वाटतं की मी" — आणि एकेक अक्षर पुसत मागे गेलं. त्या जागी आलं, "आमच्याकडे सगळे शाकाहारी आहेत."

काकू स्क्रीनकडे बघत नाही, डोळे चुरचुरतात म्हणते. "काय म्हणतोय गं?"

शाकाहारी आहेत, म्हटलं.

१९ ऑक्टोबर

आता ओळखता येतं. मामांची वाक्यं सरळ येतात, एक चूक नाही. त्याची स्वतःची अडखळत येतात आणि पुसली जातात. मी त्या पुसलेल्यांसाठीच बसते.

"तुलाही कंटाळा आला" — पुसलं. "तिकडे थंडी कितपत?"

काकू म्हणाली, हीटर आहे म्हणून सांग. मी लिहिलं, तिसऱ्या मजल्यावर खिडकीपाशी बसते, रेडिएटर दार ठोठावल्यासारखा वाजतो, पहिल्या थंडीत दोनदा दार उघडून बघितलं. एवढं काकूनं सांगितलं नव्हतं. पुसलंही नाही.

२२ ऑक्टोबर

आज बुधवारच आहे. रविवारला अजून चार दिवस. लक्षण बरं नाही.

२६ ऑक्टोबर

मामांचं वाक्य आलं. सरळ, एकही चूक नाही. "लग्नानंतर मुलीने इकडे यावे. पीएचडी सोडावी लागेल. मास्टर्स पुरे."

वाचून दाखवलं. काकू म्हणाली, "विचार करून कळवतो, असं लिही."

मी लिहिलं, "मला सोडायची नाही. तीन वर्षं घातली आहेत" — तेवढ्यात काकूनं मान वळवली. पुसलं. विचार करून कळवतो, लिहिलं.

खाली आलं, "सोडू नकोस." लगेच पुसलं. मग, "ठीक आहे."

म्हणजे माझं पुसलेलं तोही वाचतो! पहिल्याच रविवारी मी "हा मामा डोक्यात जातो" असं लिहून पुसलं होतं. देवा रे.

२ नोव्हेंबर

काकूचा निर्णय झाला. नको. "शिक्षण सोडून मामांपुढे पोळ्या लाटायला पाठवायचीय का तुला? पत्रिका जुळत नाही म्हणून लिही."

बरोबर आहे तिचं. तरी तिचा इतका राग आला की बोटं कीबोर्डवर ठेववेनात. मला हा मुलगा हवा आहे. कुठंच लिहिलं नव्हतं, इथं लिहिते. आणि पीएचडीही हवी आहे. दोन्ही मागितलं तर मुलगी आगाऊ.

मी लिहायच्या आत तिकडूनच आलं, "पत्रिका जुळत नाही. क्षमस्व."

काकू भडकली. "त्यांची जुळत नाही? आपली जुळत नाही!" माझी पत्रिका अजून पाठवलेलीच नव्हती.

मग खाली अडखळत आलं, "मी तिकडे" — आणि कनेक्शन तुटलं. नेट हल्ली सारखं अडतं. त्यामुळे पुसलं गेलं नाही. दोन शब्द स्क्रीनवर तसेच राहिले. मी टर्मिनल बंद न करता घरी आले. उद्या सोमवारी कुणीतरी बंद करेल.

९ नोव्हेंबर

रविवार. काकू आली नाही. मी आले. तो नव्हता.

१६ नोव्हेंबर

आजही नव्हता. काकूनं एडिसनमधला मुलगा काढलाय. गाडीनं जाऊन बघता येतो, म्हणाली, तुझ्या त्या मशीनची कटकट नको. बघू म्हटलं. घरी येऊन भांडी घासताना रडले. कारण नसताना रडणाऱ्यांतली मी नाही.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

थँक्सगिव्हिंगची सुट्टी, अख्ख्या इमारतीत मी एकटी. रेडिएटर वाजतोय समजून उठलेच नाही. पुन्हा वाजला तेव्हा हात लावून बघितला. गार होता.

दारात एक उंच मुलगा. या थंडीत पातळ जाकीट, कॅलिफोर्नियाचं. "मी," म्हणाला, आणि थांबला. "म्हणजे, इकडे एका कंपनीत" — परत थांबला. मी घाई केली नाही, सवय आहे. "सोमवारी इंटरव्ह्यू आहे. मामांना सांगितलेलं नाही."

काकूला फोन करून पोहे भिजवायला सांगितले. कोण येतंय, म्हणाली.

म्हटलं, पत्रिका न जुळलेला.