आधी तुमची बाजू

प्रिय बाबा,

डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं, पण डॉक्टरांनी वाचन बंद केल्यापासून तुम्ही घर डोक्यावर घेतलंय, असं आई म्हणाली. म्हणून हे पत्र तिच्याकडूनच वाचून घ्या. राग आला तर तिच्यावर ओरडू नका, लिहिलंय मी.

परिसंवादात मी तुमच्या पुस्तकाविरुद्ध निबंध वाचला तर तुम्ही अध्यक्षपद सोडणार, हा निरोप दादाने पोचवला. विद्यापीठात आमच्या विभागात तर आधीच कुजबुज आहे, बापाच्या जिवावर मोठी झाली आणि आता बापालाच शिकवते. बोलू देत. निबंध मी वाचणार आहे.

आपल्या देशाचं प्रबोधन राजधानीतल्या मूठभर विद्वानांनी घडवलं आणि त्याआधीची शंभर वर्षं नुसता अंधार होता, असं तुम्ही लिहिलंत. शाळाशाळांतून आम्ही तेच घोकलं. पण त्या विद्वानांना शिकवलं कोणी? हे मी लहानपणीही विचारायचे, आणि तुम्ही हसून मला ‘उलटतपासणी’ म्हणायचात. त्या विद्वानांच्या आठवणींत त्याच शंभर वर्षांतल्या गावोगावच्या शिक्षकांवर पानंच्या पानं आहेत. तुम्हीच ती मला वाचून दाखवलीत. पुस्तकात मात्र त्या शिक्षकांची एका ओळीत बोळवण केलीत.

का, ते मला कळतं, म्हणूनच जीव तुटतो. तुमच्या लहानपणी घरात एकही पुस्तक नव्हतं. शहरातल्या वाचनालयाने तुम्हाला घडवलं, आणि देशाची गोष्टही तुम्ही तशीच लिहिलीत. माझाही चष्मा आहेच. पुस्तकांच्या ढिगात वाढलेल्या मुलीला जिथे तिथे वाचणारी माणसं दिसणारच. तेही मी सभेत सांगणार आहे.

जेवणाच्या टेबलावरचा आपला नियम तुमचाच. ज्याचं म्हणणं खोडायचं, त्याची बाजू आधी अशी मांडायची की त्याने मान डोलवली पाहिजे. तोवर पुढे बोलायचं नाही. दादाचं जेवण त्यापायी कितीदा गार झालं. त्या शंभर वर्षांची बाजू मात्र तुम्ही कधी मांडली नाहीत, कारण मान डोलवायला समोर कोणी नव्हतं.

माझ्यासमोर तुम्ही आहात. म्हणून निबंधाचा पहिला अर्धा भाग सोबत पाठवतेय. त्यात फक्त तुमची बाजू आहे. नीट ऐका. जिथे मान डोलणार नाही तिथे आईला खूण करायला सांगा, मी पुन्हा लिहीन, हव्या तितक्या वेळा. पण डोलली, तर उरलेला अर्धा तुम्ही अध्यक्षाच्या खुर्चीत बसून ऐकायचा.

तुमचीच,
उलटतपासणी