माझे हार्मोन्स आणि दुसरा मजला

३ जानेवारी. सकाळी ७.
वजन ८८. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, काका, जिना चढायचाय ना? मग सहा किलो उतरवा. १५ मार्चला शाळासोबत्यांचा मेळावा. जागा आमचाच सातवीचा वर्ग, दुसरा मजला. तिथे कविता म्हणताना मी चौथ्या कडव्यावर अडलो होतो. गुरुजींनी खाली बसवलं. साठ वर्षं ते कडवं घशात अडकलंय. यंदा म्हणणारच. सहा किलो म्हणजे हातचा मळ!

५ जानेवारी.
दोन दिवस नुसतं सूप. (आणि पाव. सूप एकटं पडतं.) वजन ८८.३. काटा जुना झाला.

८ जानेवारी.
मासिकात लेख. दोष माझा नाही, हार्मोन्सचा! लेप्टिन नावाचा दूत पोट भरल्याचा निरोप मेंदूला पोचवतो म्हणे. माझा दूत कविमनाचा. वाटेत रमत असणार. त्याची वाट पाहता पाहता केकचे तीन तुकडे.

१२ जानेवारी.
चिंतेने कॉर्टिसॉल वाढतं, पोट सुटतं. चिंता फक्त डाएटचीच होती. सोडलं.

२० जानेवारी. वजन ८९.
थायरॉइडच! मरगळ, विसराळूपणा, थंडी वाजणं, सगळं जुळतं. ही म्हणाली, अहो, हे सगळं मला होतंय. या वयात नवऱ्याशी स्पर्धा! हल्ली अर्धं ताट टाकून उठते, तरी फुगतेच. आळस, दुसरं काय? तिचं उरलेलं मी संपवतो. अन्न वाया जाऊ नये.

२२ जानेवारी.
रक्त दिलं. मला धीर यावा म्हणून हिनेही दिलं.

२४ जानेवारी.
माझं थायरॉइड नॉर्मल. हिचं बिघडलेलं! नळ्यांची अदलाबदल झाली असेल, असं सुचवलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, काका, दोनदा तपासलंय. मग माझं काय बिघडलंय? त्या म्हणाल्या, तोंड. काकू हसल्या. म्हणजे आमची हीच.

१ मार्च.
हिला रोज उपाशीपोटी गोळी. चेहरा उजळला, गुणगुणते, भरभर चालते. आळशी म्हटल्याबद्दल माफी मागायची ठरवली. उद्या.

१५ मार्च. वजन ९०.५.
सात पायऱ्या चढलो. आठवीवर गुडघे म्हणाले, बस. ही म्हणाली, द्या तो कवितेचा कागद इकडे. आणि गेली की तरातरा वर! खिडकीतून तिचा आवाज आला. चौथं कडवं कुठेही न अडखळता. टाळ्या.

खाली नाश्त्याच्या टेबलापाशी कुणीतरी थांबायला हवंच होतं.