गल्याथ, रत्ना आणि माझी साक्ष

जळगाव,
मंगळवार दुपार

तीर्थरूप अक्कास,

प्रेमराजचा प्रभूच्या नावात सलाम. तुझे गुडघे आणि भाऊजींचा खोकला दोन्ही ताब्यात असतील अशी आशा आहे. आम्ही इकडे सुखरूप आहोत, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो. खरं म्हणजे मी कॉटवर पाय वर घेऊन बसलो आहे आणि खाली जो झोपला आहे त्याचं तोंड माझ्या चपलेवर आहे. (फोनच केला असता, पण तुझी भावजय रत्ना घरात असते.)

सुरुवात चर्चमधल्या पाळकसाहेबांच्या उपदेशापासून झाली. ते म्हणाले, ख्रिस्ती माणूस देवळात ओळखू येत नाही, दुकानात येतो. सगळी मंडळी माना डोलावून घरी जेवायला गेली. रत्नाने मात्र ते मनावर घेतलं. तेव्हापासून ती साबणाच्या वडीचीसुद्धा चौकशी करते, कोणी बनवली, कोणाच्या जिवावर बनवली. किराणावाले पारसशेठ तिला येताना पाहिलं की हिशेबात डोकं घालतात. मला या सगळ्याची धास्तीच वाटत होती, कारण नेमकं त्याच आठवड्यात आम्ही कुत्र्याचं पिल्लू सांगून ठेवलं होतं. कॉलनीत चोऱ्या होत होत्या म्हणून. मी जाणूनबुजून पांढरं, केसाळ, पिशवीत मावेल असं निवडलं होतं. तुला माहीतच आहे, कुत्रं दिसलं की मी लहानपणापासून रस्ता बदलतो. घाबरायचंच आहे तर लहानाला घाबरावं, एवढाच माझा विचार.

पिल्लं विकणारा तोताराम धरणगावच्या रस्त्याला राहतो. पिल्लू तो दारात आणून दाखवतो. पण रत्ना म्हणाली, याची आई बघायची. तो नको नको म्हणत असताना ती मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये शिरली. आई पिंजऱ्यात होती, अक्का. उभं राहता येणार नाही एवढा पिंजरा, आणि अंगावर जखमा. रत्ना बाहेर आली, रिक्षात बसली आणि थेट नशिराबादला उतरली. (रिक्षा जळगावला चालली होती. नशिराबाद वाटेत लागतच नाही. तिने कधी वळवायला सांगितली ते मला कळलं नाही, आणि विचारायची छाती झाली नाही.) तिथे हायवेवरच्या एका ढाब्यामागे कोणीतरी सोडून दिलेलं कुत्रं आहे, असं तिला मंडळीतल्या कोणी सांगितलं होतं. कुत्रं कसलं, वासरू. एक कान फाटलेला, आवाज बैलगाडीच्या चाकासारखा. ते रिक्षात माझ्याच शेजारी बसलं. रत्नाने नाव ठेवलं गल्याथ, बायबलातल्या त्या धिप्पाड राक्षसाचं. मी डोळे मिटून तेविसावं स्तोत्र म्हणत होतो आणि मृत्युच्छायेच्या दरीशी येऊन अडकत होतो.

घरी आल्यापासून तो मी जिथे जाईन तिथे येतो. मी न्हाणीघरात गेलो की दाराला टेकून बसतो. मी त्याच्या भीतीने आतच थांबतो आणि तो उठत नाही. रत्ना म्हणते, त्याला तुमचा लळा लागलाय. असेलही. तो जिन्यावरून येणाऱ्या-जाणाऱ्याकडे ज्या नजरेने बघतो त्याच नजरेने माझ्याकडेही बघतो, एवढंच मी सांगू शकतो.

इकडे रत्नाने प्राण्यांसाठी काम करणाऱ्या लोकांना शेडची तक्रार केली. ते तोतारामच्या कानावर गेलं आणि परवा तो दोन माणसं घेऊन दारात उभा राहिला. रत्ना बाजारात गेलेली. तोताराम शांतपणे म्हणाला, ‘भाऊ, पिल्लू तयार शे. आते माघार नही. आनि तक्रार मागे घ्या.’ मला वाटलं, आता गल्याथ झेप घेईल आणि मी निदान आत पळेन. गल्याथने त्याचा आवाज ऐकला मात्र, शेपूट पोटात घालून तो माझ्यामागे लपला आणि माझ्या दोन्ही पावलांवर बसला. थरथरत होता. जमीन ओली झाली. तोताराम वाकून बघत म्हणाला, ‘हाऊ आजून जित्ता शे?’

तेव्हा कळलं, याला मरायला हायवेवर कोणी फेकलं ते.

मला पळायचं होतं, अक्का, देवाशपथ पळायचं होतं. पण पायांवर एवढं ओझं. मी तसाच उभा राहिलो आणि तोंडातून निघालं, ‘आम्ही घेणार नाही. तक्रारही राहील.’ आवाज माझाच होता. तोताराम माझ्याकडे बघत राहिला, मग गल्याथकडे, आणि माणसांना घेऊन निघून गेला. ते गेल्यावर मी खाली बसलो. कोण कोणाला धरून बसलं होतं ते सांगता येत नाही.

शेजारच्या भिकुबाईंनी हे खिडकीतून पाहिलं आणि मंडळीभर केलं. बाकी सर्व ठीक. भाऊजींना सलाम.

तुझा भाऊ,
प्रेमराज

ता. क. : पत्राचं खरं कारण हे. पाळकसाहेबांनी मला रविवारी सगळ्यांसमोर उभं राहून स्वतःच्या अनुभवाची साक्ष द्यायला सांगितलं आहे, विषय ‘निर्भय विश्वास’. तू शनिवारी रत्नाला फोन करून फार आजारी असल्याचं सांग. मी लगेच धुळ्याला येतो. गल्याथ मागे राहणार नाही, त्यालाही आणावं लागेल.

ता. क. २ : फोन करू नकोस. पत्र टाकायचं राहिलं, तेवढ्यात तक्रार घेणाऱ्या लोकांनी शेडमधली कुत्री सोडवली. सगळ्यांना घरं मिळाली, पिंजऱ्यातल्या त्या म्हाताऱ्या आईला कोणी घेईना. रत्नाने माझ्याकडे पाहिलं आणि मी घाबरायच्या आधीच हो म्हणून बसलो. ती आली आहे. भांडं वाजलं तरी दचकते. या घरात घाबरणारे आता आम्ही तिघे झालो आणि रत्ना एकटी पडली आहे. जमलं तर तूच चार दिवस तिच्या सोबतीला ये.